शीत, उष्ण आणि पिंजऱ्यांतील प्राणी

पौषांतल्या पहांटे घरचें मांजर कोठें सांपडेल, असें कोणत्याही गृहिणीस विचारावें. ती क्षणाचाही विलंब न लावतां अंथरुणांच्या घडीकडे बोट दाखवील. तेंच मांजर वैशाखांत मोरीजवळच्या ओल्या फरशीवर चारी पाय ताणून पडलेलें आढळतें. मांजर तेंच, घरही तेंच. बदललेलें असतें तें हवेचें उष्णतामान. असें असतांही पहिल्या स्थितींत आपण त्यास लाडावलेलें म्हणतों आणि दुसऱ्या स्थितींत आळशी म्हणतों. प्राण्यांस अशीं नांवें ठेवण्यापूर्वीं त्यांच्या अंगांत कोणता व्यवहार चालला आहे, हें पाहण्याची संवय लागल्यास पुष्कळ गैरसमज दूर होतील. या हेतूनें आम्ही आज एक दूरदेशचा विषय वाचकांपुढें मांडीत आहों. थंड देशांत केसाळ कातड्यासाठीं, म्हणजे ज्यास फर म्हणतात त्यासाठीं, कांहीं प्राणी पिंजऱ्यांत पाळले जातात. त्यांच्या वर्तनावर थंडीचा व उष्म्याचा काय परिणाम होतो, हा तो विषय होय.

सस्तन प्राण्याच्या शरीरांतील उष्णता, ऋतु कोणताही असो, सामान्यतः ३७ ते ३९ अंश सेल्सिअसच्या आसपास राहावी लागते. ती राखणें हा एक अखंड जमाखर्च आहे. अन्न पचतांना व स्नायू हालतांना उष्णता जमेस येते; कातडी, श्वास, कान आणि पाय यांवाटे ती खर्ची पडते. थंडीच्या दिवसांत खर्च आंवळावा लागतो, उन्हाळ्यांत तो सढळ हातानें करावा लागतो. या कामीं प्राण्याजवळ दोन प्रकारचीं साधनें असतात. रक्तवाहिन्या आकुंचित करणें, कांपणें, धापा टाकणें हीं शरीराचीं साधनें होत. जागा बदलणें, अंगाचें मुटकुळें करणें, एकमेकांस चिकटून बसणें, बीळ शोधणें, गवत गोळा करणें, पाण्यांत शिरणें, खाणें वाढविणें वा कमी करणें हीं वर्तनाचीं साधनें होत. पहिलीं महाग पडतात. कांपण्यास अन्न जळतें व धापा टाकण्यास पाणी खर्चतें. दुसरीं त्या मानानें स्वस्त असतात. म्हणूनच कोणताही प्राणी शक्य तोंवर आधीं वर्तन बदलतो, आणि तेवढ्यानें भागेना म्हणजे मग कांपतो किंवा धापतो. एवढें तत्त्व ध्यानांत ठेवलें म्हणजे पुढील सर्व हकीगत सुलभ होईल.

हे प्राणी कोणते?

फरसाठीं पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांत मिंक हा प्रमुख. अंगलटीनें तो आपल्या मुंगसाची आठवण करून देतो. परंतु त्याचें कूळ पाणमांजराचें. त्याचें मूळ स्थान उत्तर अमेरिकेंतील नद्या व तळीं यांचे कांठ होत, आणि एकटें राहणें हा त्याचा स्वभाव. दुसरें खोकड. त्याच्या दोन जाती पाळल्या जातात. एक तांबड्या खोकडाचा रुपेरी प्रकार, दुसरें ध्रुवाकडील खोकड, ज्याच्या एका रंगास निळें खोकड म्हणतात. रुपेरी खोकडाची पिंजऱ्यांत यशस्वी पैदास कॅनडांतील प्रिन्स एडवर्ड बेटावर चार्लस डाल्टन व रॉबर्ट औल्टन या दोघांनीं १८९० नंतरच्या दशकांत केली. तिसरा रॅकून-कुत्रा; हा पूर्व आशियांतील, कुत्र्याच्या कुळांतला, पण तोंडावरील काळ्या पट्ट्यामुळें रॅकून नांवाच्या प्राण्यासारखा दिसणारा. चवथा चिंचिला, दक्षिण अमेरिकेच्या अँडीज पर्वतावरील, खारीएवढा, कुरतडणाऱ्या वर्गांतील. मिंकसाठीं डेन्मार्क, खोकडासाठीं फिनलंड व या सर्वांच्या पाठोपाठ चीन, हीं या धंद्याचीं मोठीं केंद्रें ठरलीं.

येथें एक गोष्ट विसरतां कामा नये. गाय, म्हैस, बकरी यांस माणसाच्या सहवासाचीं हजारों वर्षें मिळालीं आहेत. या प्राण्यांस फार तर सव्वाशें-दीडशें. त्यांच्या पाठीवरील केंस आणि त्यांच्या अंगचीं वर्तनें अद्याप रानाच्याच हिशेबानें चालतात.

केंस म्हणजे तरी काय? अशा प्राण्याच्या अंगावर दोन थर असतात. वरचे लांब व ताठ केंस पाऊस व बर्फ अडवितात. खालची मऊ, दाट लव हवा कोंडून धरते. ऊब देते ती ही कोंडलेली, न हालणारी हवा. आपल्या रजईंतील कापूस पिंजला म्हणजे ती अधिक उबदार होते आणि दडपला म्हणजे थंड पडते, याचें कारणही हेंच. चिंचिलाच्या कातडीवर तर एकेका छिद्रांतून पन्नासांहून अधिक बारीक केंस एकत्र निघतात. ही रजई बर्फांत मोलाची खरी. परंतु ती अंगावरून काढून खुंटीस टांगण्याची सोय निसर्गानें ठेवलेली नाहीं. मोसमाप्रमाणें केंस झडतात व नवे येतात इतकेंच. मधल्या काळांत जो अवचित उष्मा होतो त्याचें निवारण प्राण्यास वर्तनानेंच करावें लागतें.

कडाक्याची थंडी

प्रथम ध्रुवीय खोकडाकडे पाहूं. शोलँडर, अर्व्हिंग व त्यांचे सहकारी यांनीं अलास्काच्या उत्तर टोकाशीं पॉइंट बॅरो येथें व उष्ण कटिबंधांत पनामा येथें निरनिराळ्या प्राण्यांवर प्रयोग करून त्यांचे निष्कर्ष १९५० सालीं प्रसिद्ध केले. उष्ण प्रदेशांतील प्राणी हवा २० ते ३० अंशांच्या खालीं जातांच शरीरांतील भट्टी जोरानें पेटवूं लागले. ध्रुवीय खोकड मात्र शून्याखालीं ४० अंशांच्या सुमारासही स्वस्थ राहिलें. पुढील मोजण्यांत हा आंकडा कमीजास्त आला असला तरी मूळ गोष्ट अबाधित आहे. आपल्यास जी थंडी जीवघेणी ती त्यास साधी वाटते. त्याचे कान लहान, तोंड आंखूड व पायाचे तळवेसुद्धां केसाळ असतात. या तळव्यांवरूनच त्याच्या शास्त्रीय नांवांत ‘सशाच्या पायाचें’ अशा अर्थाचा शब्द आला आहे.

परंतु शरीराची ही तयारीही वर्तनावांचून पुरी पडत नाहीं. खोकड निजतांना पाय पोटाखालीं घेतें, अंगाचा गोल करतें व झुपकेदार शेपूट नाकातोंडावर ओढून घेतें. तोंड व पाय येथेंच केंस आंखूड असल्यामुळें उष्णता तेथूनच निसटते. म्हणून तींच स्थळें तें झांकतें. बाहेरून पाहणाऱ्यास तें सुस्त पडलेलें दिसेल. वस्तुतः तें आपल्या घराचीं दारें लावून घेत असतें. त्याला भय असतें तें थंडीपेक्षां वाऱ्याचें व ओलीचें. कारण वारा लवेंतील कोंडलेली हवा हालवितो आणि ओल केंसांस चिकटवून टाकते. वाऱ्याकडे पाठ करणें किंवा आडोशास सरकणें हा त्यावर त्याचा साधा उपाय. पिंजऱ्यास आडोसा नसेल तर हा उपाय खुंटतो.

मिंकची गोष्ट याहून निराळी. तो मोठा केसाळ खरा, पण त्याची आकृति लांब व सडपातळ. उकडीचा एक गोळा घ्यावा व तेवढ्याच उकडीची लांब वळी करावी. दोहोंतील वळी आधीं गार होते, हें स्वयंपाकघरांत कोणालाही दिसतें. वस्तूचें वजन तेंच, पण वारा लागणारें अंग वाढलें. मिंकच्याच कुळांतील वीझल नांवाच्या लहान प्राण्यांवर ब्राउन व लासीव्हस्की या दोघांनीं केलेलें संशोधन १९७२ सालीं प्रसिद्ध झालें. थंडींत त्यांस तितक्याच वजनाच्या गोलसर प्राण्यांच्या मानानें दीडपट ते दुपटीपर्यंत उष्णता उत्पन्न करावी लागते, असें त्यांत दिसून आलें. बिळांत शिरून उंदीर धरण्यास सडपातळ देह हवा. पण त्याची किंमत ही अशी मोजावी लागते.

ती किंमत मिंक बिळानें भागवितो. रानांत तो नदीकांठच्या मुळ्यांखालीं किंवा दुसऱ्याच्या सोडलेल्या बिळांत राहतो. पिंजऱ्यांत बिळाच्या जागीं लांकडी पेटी असते व तींत गवताचा पेंढा घालतात. हवा गोठूं लागली म्हणजे तो बहुतेक वेळ पेटींत घालवितो, पेंढा अंगाभोंवतीं ओढून त्याची वाटी करतो व खाण्यापुरता बाहेर येतो. पेंढा न मिळाल्यास तीच उष्णता त्यास अन्नांतून उभी करावी लागते. आतां अडचण अशी कीं, मार्च महिन्यांत पैदाशीचा हंगाम असल्यामुळें पाळणारे हिवाळ्यांत माद्यांचें अन्न कमी करून त्यांस सडपातळ करितात. मग त्या अधिक पिलें देतात असा अनुभव आहे. अर्थात् ज्या काळांत खर्च अधिक त्याच काळांत मिळकत तोडली जाते. अशा वेळीं अन्न येण्याच्या आधीं पुष्कळ मिंक पिंजऱ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत त्याच त्या वळणानें येरझारा घालूं लागतात. नवख्या पाहुण्यास तो उत्साह वाटतो. प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक त्यास बंदिवासाचें व भुकेचें चिन्ह मानतात, आणि हिवाळ्याच्या त्या टंचाईच्या महिन्यांत तें विशेष दिसतें.

रॅकून-कुत्र्यानें तिसराच मार्ग धरिला आहे. खर्च भागविण्याऐवजीं तो दुकानच अर्धें बंद करतो. कुत्र्याच्या सर्व कुळांत हिवाळी झोंप घेणारा तो एकटाच. शरद् ऋतूंत खाऊन खाऊन तो लठ्ठ होतो व कडाका पडला म्हणजे बिळांत शिरतो. अस्वलाप्रमाणेंच त्याची झोंप फार गाढ नसते. अंगची उष्णता थोडीशीच उतरते, आणि मध्येंच हवा शून्याच्या वर चढली कीं तो बाहेर फिरूनही येतो. पिंजऱ्यांतील रॅकून-कुत्रे सारा हिवाळा निजत नाहींत; तथापि त्या दिवसांत त्यांची भूक मंदावते व हालचाल कमी होते. नियमानें घातलेलें अन्न ते शिल्लक ठेवूं लागले म्हणजे अज्ञ मनुष्य त्यांस आजारी समजेल. तो आजार नसून त्यांच्या पूर्वजांचा हिवाळा त्यांच्या अंगांत जागा झालेला असतो.

पिलांची ऊब

या सर्व हिशेबांतला सर्वांत नाजूक भाग पिलांचा. मिंकचीं पिलें एप्रिलच्या अखेरीस व मेच्या आरंभीं जन्मतात. डेन्मार्कसारख्या देशांत तेव्हां रात्री चांगल्याच गार असतात. जन्मतः पिल्लाचें वजन अवघें दहा ग्रॅमच्या आसपास असतें, डोळे मिटलेले असतात व अंगावर केंस जवळजवळ नसतात. स्वतःची उष्णता एकट्यानें राखण्यास त्यास महिना-दीड महिना लागतो. तोंवर त्याची उष्णता म्हणजे आईचें पोट, भावंडांची दाटी व घरट्याचीं भिंताडें. पांच-सहा पिलें एकमेकांत शिरून जो एक गोळा होतो तो एका मोठ्या प्राण्यासारखा ऊब धरतो. वरचें पिल्लूं आंत शिरतें, आंतलें वर येतें, आणि असा क्रम चालू राहतो. एखादें बाहेर घरंगळलें तर तें किंचाळतें. आई आवाजाच्या रोखानें येऊन मानेस धरून त्यास परत नेते. तें फार गारठलें म्हणजे किंचाळणेंही थांबतें व तें मेल्यासारखें निपचित पडतें. अशा पिल्लास वेळींच ऊब दिल्यास तें पुन्हां हालूं लागतें, हें पाळणाऱ्यांस ठाऊक असतें.

मादी प्रसूतीपूर्वीं गवत ओढून, चावून, दाबून घरटें करते. हें कर्म तिला कोणी शिकवीत नाहीं. या घरट्याचें महत्त्व डेन्मार्कमधील आऱ्हूस विद्यापीठांतल्या संशोधकांनीं तपासलें व त्यांचें काम २००८ सालीं प्रसिद्ध झालें. ज्या माद्यांस घरटें करण्यापुरतें गवत मिळालें त्यांचीं पिलें अधिक जगलीं आणि त्या माद्यांच्या अंगीं ताणाचीं लक्षणेंही कमी आढळलीं. ध्यानांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, गवत पिलांस ऊब देतें आणि गवत विणण्याचें काम आईस स्वस्थता देतें. आपल्याकडे माहेरीं बाळंतपणास आलेली मुलगी बाळाच्या दुपट्यांच्या घड्या पुनःपुन्हां करीत बसते; तिच्या मनाचा जो विसावा त्यांत असतो, त्याच्याशीं याचें कांहीं नातें असावें असें आम्हांस वाटतें. १९९९ सालीं युरोप परिषदेनें फरच्या प्राण्यांविषयीं ज्या शिफारशी केल्या त्यांत मिंकला पेटी व घरट्याचें साहित्य देण्याचा समावेश होता. गवताच्या एका मुठीची गोष्ट अशी राष्ट्रांच्या ठरावांपर्यंत पोंचली.

उष्म्याचे दिवस

थंडीचे प्राणी म्हणून त्यांस थंडीचाच त्रास होत असेल, अशी कित्येकांची समजूत असते. खरें पाहतां त्यांची मोठी परीक्षा उन्हाळ्यांत होते. मनुष्यास घाम येतो. या प्राण्यांस ती सोय जवळजवळ नाहीं. खोकड कुत्र्याप्रमाणें जीभ बाहेर काढून धापा टाकतें आणि तोंड, कान व पाय यांतील रक्तप्रवाह वाढवून तेथून उष्णता सोडतें. हिवाळ्यांत जीं दारें तें शेपटीनें लावून घेई, तींच आतां तें सताड उघडतें. निजण्याची रीतही उलटते. गोल करून निजणारें खोकड आतां लांब पसरतें.

मिंकही तारेच्या जाळीवर पोट टेकून सपाट पडतो, पेटींत जाण्याचें टाळतो, पाण्याच्या नळीशीं खेळून अंग भिजवितो व दुपारचें अन्न तसेंच टाकतो. तें अन्न मासळीचें व मांसाचें असल्यामुळें उष्म्यांत नासतें, हा आणखी एक धोका. पेटी बंद व कोंदट असेल तर आंतील वाढत्या पिलांची दाटी, जी मे महिन्याच्या आरंभीं त्यांचें संरक्षण करीत होती, तीच जूनच्या एखाद्या तप्त दिवशीं त्यांच्या जिवावर उठते. ज्ञानी पाळणारा म्हणूनच थंडींत पेटींत भरपूर गवत घालतो आणि उन्हाळ्यांत तें कमी करून झांकण उघडें ठेवतो, छपरावर व पिंजऱ्यांवर पाण्याचा फवारा मारतो व अन्न गार वेळीं देतो. उष्णतेच्या लाटेंत हें न झाल्यास एका दुपारींत कितीतरी प्राणी दगावतात.

उष्म्याचा सर्वांत हळवा बळी चिंचिला. त्याची कथा थोडी विस्तारानें सांगण्यासारखी आहे. मॅथायस चॅपमन नांवाचा एक अमेरिकन खाणकाम-तज्ज्ञ चिली देशांत नोकरीस होता. तेथें त्यानें हा प्राणी पाहिला व तो स्वदेशीं नेऊन पाळण्याचें मनांत घेतलें. तोंवर शिकारीनें या जातीचा जवळजवळ निर्वंश झाला होता. १९१० सालींच चिली व शेजारच्या राष्ट्रांनीं तिच्या शिकारीवर करारानें बंदी घातली होती. चॅपमनच्या तेवीस माणसांनीं सुमारें तीन वर्षें डोंगर धुंडाळले तेव्हां अवघे अकरा उपयुक्त प्राणी हातीं लागले, व त्यांत माद्या तीनच, असें सांगतात. ते धरले ते सुमारें बारा हजार फूट उंचीवरच्या गार हवेंत. एकदम समुद्रकांठीं आणले असते तर ते वांचते ना. चॅपमननें त्यांस उतरविण्यास सुमारें एक वर्ष घेतलें. थोडें खालीं यावें, तेथें मुक्काम करून त्या हवेची संवय होऊं द्यावी, मग आणखी खालीं यावें, असा क्रम ठेविला. जहाजावर पिंजऱ्यांस सावली केली व जवळ बर्फ ठेवून ते गार राखले. १९२३ सालीं ते कॅलिफोर्नियास पोंचले. आज जगांत पाळल्या जाणाऱ्या चिंचिलांपैकीं बहुतेकांचें मूळ या लहानशा तांड्यांत आहे. एवढा मोठा वंश टिकला तो एका मनुष्यानें उष्णतेचा हिशेब धिम्मेपणानें सांभाळला म्हणून.

चिंचिलास १० ते २० अंशांची कोरडी हवा मानवते. उष्णतामान ३० अंशांजवळ पोंचलें, आणि त्यांत दमटपणा असला, कीं त्याच्या जिवास धोका उत्पन्न होतो. त्यास घाम येत नाहीं व कुत्र्यासारख्या धापाही उपयोगी पडत नाहींत; पातळ मोठे कान हींच त्याचीं उष्णता सोडण्याचीं द्वारें. कान लालबुंद होणें, कुशीवर निश्चेष्ट पडणें, तोंडांतून लाळ गळणें, हीं लक्षणें दिसलीं म्हणजे विलंबास अवकाश नाहीं. रानांत तो दिवसां दगडांच्या भेगांत राहतो व सायंकाळीं बाहेर पडतो, तोही याच कारणानें. त्याचें स्नानदेखील पाण्याचें नसून धुळीचें. बारीक राखेसारख्या मातींत लोळून तो लव मोकळी व कोरडी ठेवतो. पाण्यानें ती चिकटली तर हवा कोंडणारा सारा कारखानाच बंद पडेल.

पंचांग मात्र सूर्याचें

येथवर वाचून कोणी म्हणेल कीं, मग थंडी पडली म्हणजे केंस दाट होत असतील व उष्म्यानें झडत असतील. असा समज पूर्वीं पुष्कळांचा होता. अमेरिकेंतील बिसोनेट नांवाच्या प्राध्यापकानें १९३० नंतरच्या दशकांत मिंक व फेरेट यांवर प्रयोग केले. त्यांत दिसून आलें कीं, दिवसाची लांबी कृत्रिम रीतीनें कमी केली तर ऐन उन्हाळ्यांतही मिंकचे हिवाळी केंस येऊं लागतात. दिवस लहान होऊं लागला म्हणजे मेंदूंतील एका ग्रंथींतून रात्रीं स्रवणारा मेलॅटोनिन नांवाचा रस अधिक वेळ स्रवतो व त्यावरून शरीरास ऋतु कळतो. केंस केव्हां बदलावे, माजावर केव्हां यावें, हीं मोठीं कामें मुख्यतः प्रकाशाच्या पंचांगावर चालतात.

निसर्गानें ही निवड योग्यच केली आहे. हवा लहरी असते. माघांत एखादा आठवडा उकाड्याचा येतो, चैत्रांत अवेळीं गारपीट होते. तिच्यावर विसंबून अंगरखा उतरविणारा प्राणी फसेल. सूर्याचें गणित मात्र वर्षानुवर्षें चुकत नाहीं. म्हणून वर्षाचा बेत सूर्यावर व रोजचा बेत उष्णतेवर, अशी ही वांटणी आहे. प्रश्न उभा राहतो तो या दोहोंत विसंवाद झाला म्हणजे. प्रकाशाच्या आज्ञेनें अंगावर हिवाळी कोट चढलेला आहे आणि हवा मात्र तापलेली आहे, अशा दिवशीं प्राण्याजवळ वर्तनाखेरीज दुसरा उपायच उरत नाहीं. पृथ्वीचें उष्णतामान वाढत असतां असे दिवस थंड देशांतही अधिक येऊं लागले आहेत. ही केवळ फरच्या प्राण्यांची अडचण नव्हे. रानांतील ध्रुवीय खोकडासही ती भोंवते.

पिंजऱ्याचा प्रश्न

आतां मुख्य मुद्द्याकडे येऊं. सावली, वारा, गवत, बीळ, पाणी, सोबत आणि एकान्त, हीं सर्व त्या जमाखर्चाचीं नाणीं होत. रानांतील प्राणी तीं हवीं तेव्हां हवीं तशीं खर्च करतो. पिंजऱ्यांत तीं नाणीं पाळणाऱ्याच्या मुठींत असतात. ऑक्सफर्ड येथील जॉर्जिया मेसन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं मिंकला निरनिराळ्या सोयी देऊन, त्यांकडे जाणारीं दारें क्रमाक्रमानें जड करून पाहिलीं. पोहण्याच्या पाण्यासाठीं मिंक सर्वांत अधिक कष्ट घेऊन दार उचलीत. आणि तें पाणी चोवीस तास बंद केलें असतां त्यांच्या अंगांतील ताणाचा रस अन्न तोडल्यावेळीं वाढतो तितकाच वाढला. हें संशोधन २००१ सालीं प्रसिद्ध झालें. ज्यानें उभ्या जन्मांत नदी पाहिली नाहीं, त्याच्याही अंगांत नदी असते, असा याचा अर्थ होतो.

या प्रश्नाचा निकाल निरनिराळ्या देशांनीं निरनिराळा लाविला. ब्रिटननें २००० सालीं कायदा करून फरसाठीं प्राणी पाळणें बंद केलें. नेदरलंडनें आधींच ठरविलेली मुदत कोविडच्या सांथीमुळें अलीकडे ओढून २०२१ च्या आरंभीं मिंकपालन संपविलें. मिंकमध्यें त्या रोगाचा फैलाव झाल्यामुळें डेन्मार्कनें २०२० च्या नोव्हेंबरांत दीड कोटींहून अधिक मिंक मारण्याचा निर्णय घेतला, व एका मोठ्या धंद्याचा कणा मोडला. भारत सरकारनें २०१७ च्या जानेवारींत मिंक, खोकड व चिंचिला यांच्या फरच्या आयातीवर बंदी घातली. फर वापरावी कीं नाहीं, या वादांत प्रत्येकानें आपापल्या विवेकानें निर्णय घ्यावा. आम्हांपुरता तो निर्णय झालेला आहे, व तो या सरकारी बंदीच्या बाजूचा आहे. मात्र जोंवर एकही प्राणी माणसाच्या कुलपांत आहे तोंवर त्याची ऊब व त्याचा गारवा ही कुलूप लावणाराची जबाबदारी आहे, याविषयीं दोन मतें होऊं नयेत.

आपल्या दारीं

आपल्या देशांत मिंक नाहींत; परंतु ही जबाबदारी आपल्यास अगदींच अपरिचित नाहीं. हिमाचल प्रदेशांत कुलूजवळ गडसा येथें केंद्र सरकारच्या मेंढी व लोकर संशोधन संस्थेचें ठाणें आहे व तेथें अंगोरा सशांची जोपासना होते. या सशास मारीत नाहींत. सुमारें अडीच-तीन महिन्यांनीं त्याची लोकर कातरतात. सशासही घाम येत नाहीं, लांब कानांवाटे तो उष्णता सोडतो. ३० अंशांच्या वर हवा गेली तर तो खाणें टाकतो, धापतो आणि नरांची प्रजननशक्ति कांहीं काळ क्षीण होते. म्हणून हा उद्योग थंड डोंगराळ प्रदेशांतच तग धरून राहिला.

याहून जवळचें उदाहरण पुण्या-मुंबईच्या सदनिकांत दिसतें. सैबेरियांतील हस्की जातीचे कुत्रे व दाट केंसांचीं पर्शियन मांजरें हौसेनें आणलीं जातात. एप्रिलच्या दुपारीं असा कुत्रा दाराशीं लोळतो, हांक मारल्यास उठत नाहीं, अन्न हुंगून सोडतो, कधीं मुलांवर गुरगुरतो. मग घरांतील मंडळी म्हणतात, कुत्रा हट्टी झाला, रागीट झाला. अशा वेळीं वाचकांनीं आधीं भिंतीवरचा उष्णतामापक पाहावा. त्यास फिरावयास नेणें तें सूर्योदयापूर्वीं व रात्रीं. दुपारीं गार फरशीची मोकळी जागा, सावली, खेळता वारा व भरपूर पाणी द्यावें. तापलेल्या डांबरी रस्त्यावर त्याचे पाय टेकूं देऊं नयेत. आणि केंस तासून टाकण्याचा मोह टाळावा, कारण वरचा थर उन्हापासूनही त्याचें रक्षण करतो. मृतप्राय केंस फणीनें विंचरून काढणें एवढें पुरे. ससे व चिंचिला तर कोंकणच्या दमट हवेंत वातानुकूलित खोलीशिवाय ठेवूंच नयेत. ज्यास ती सोय करणें शक्य नाहीं त्यानें ती हौस न करणें हीच त्या प्राण्यावरील दया होय.

घरांतील मुलांस आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. त्यांनीं एक वही करावी. सकाळ, दुपार व सायंकाळ असें तीन वेळां उष्णतामान टिपावें, आणि त्याच वेळीं घरचें मांजर, अंगणांतला कुत्रा किंवा गोठ्यांतील गाय कोठें व कशी बसली आहे तेंही टिपावें. वर्षभर हा नेम चालविल्यास पौषापासून ज्येष्ठापर्यंतचा सारा जमाखर्च त्यांच्याच हस्ताक्षरांत त्यांस वाचावयास मिळेल. मग जनावरास आळशी, हट्टी किंवा रागीट म्हणण्याआधीं तीं मुलें ती वही उघडून पाहतील.